बाबांची शिक्षा

६ एप्रिल, रविवार

आजपासून डायरी मराठीत. माझी शाळा हिंदी, कॉलेज इंग्लिश, त्यामुळे मराठी फक्त आईबाबांशी बोलण्यापुरती उरली आहे. तिला धार लावायची. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच. उच्च शिक्षा घेतलेल्या माणसावर जबाबदारी असते.

जबाबदारी म्हणजे बाबा. त्यांच्या गालाच्या आत कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, आणि या आठवड्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ट्रीटमेंट संपली. आईने देवापुढे साखर ठेवली. मालोजीकाका पोहे-जलेबी घेऊन आले. काका म्हणजे बाबांचे सांवेर रोडच्या कारखान्यातले दोस्त, बाबांच्या शेजारच्या लेथवर उभे असतात. बाबा पोहे खाऊ शकत नाहीत हे त्यांना दारात आल्यावर आठवलं. मग त्यांनीच खाल्ले.

सगळ्यांना वाटतं, संपलं. मला एकटीला माहीत आहे की खरं काम आता सुरू होतं. याला सर्व्हायव्हरशिप केअर म्हणतात. मी दोन दिवस मोबाइलवर वाचते आहे.

मुख्य प्रॉब्लेम जबडा. रेडिएशनने तो आखडतो. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं एकावर एक उभी मावतात. बाबांच्या दोन, तीही कशीबशी. मॅडमनी सांगितलं, आइसक्रीमच्या काड्या दातांत एकावर एक धरून रोज व्यायाम करायचा, हळूहळू काड्या वाढवायच्या. १२ जूनच्या तपासणीला तीन बोटं गेली पाहिजेत. नाही गेली तर बेशुद्ध करून जबडा उघडावा लागेल. आणि तेही नाही जमलं तर पुढे सगळं पातळच.

बाबा ऐकत होते, तोंडावर गमछा. ऑपरेशननंतर तो निघालेला नाही. बोलत नाहीत, नाक्यावर पोह्याच्या ठेल्यावर जात नाहीत. शेवटचे कधी हसले ते आईलाही आठवत नाही.

काळजी नाही. मी आहे.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून बाबांचा व्यायाम. सहा ते आठ माझा एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेशच्या सरकारी भरतीच्या परीक्षेचा, अभ्यास. मग भंवरकुआंला क्लास.

७ एप्रिल, सकाळी ८:१५

आत्ता उठले. प्लॅनिंगचा थकवा असतो, लोकांना कळत नाही. बाबांनी चहा करून ठेवला होता.

दुपारी

तक्ता तयार. क्लासजवळच्या दुकानातून मोठा कार्डशीट आणला. सगळ्या लेखांत लिहिलं आहे की पहिली पायरी पेशंट एज्युकेशन. उगीच इंग्लिश कशाला? लाल स्केचपेनने, मोठ्या अक्षरांत:

बाबांची शिक्षा
मुदत: १२ जूनपर्यंत

खाली: पहाटे पाचला उठणे. काड्या तोंडात धरणे. लौकीचा रस पिणे. गुटखा आयुष्यभर बंद. बाहेरच्या लोकांना भेटण्याची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. देखरेख: अस्मिता.

बैठकीच्या खोलीत, दारातून आत आल्याबरोबर दिसेल असा लावला. आईने वाचला आणि तोंडाला पदर लावून किचनमध्ये निघून गेली. भावुक झाली. भुसावळची आहे, तिला सातवीनंतर शिकता आलं नाही.

बाबा तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांना जोरदार ठसका लागला. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी, गमछा खाली पडला. मी धावत पाणी आणलं. तक्त्यात एक ओळ वाढवली: ठसका लागल्यास पाणी.

९ एप्रिल

ऐतिहासिक दिवस. बाबा स्वतःहून बोलले. शब्द जड येतात, पण मला नीट कळले. म्हणाले, "अस्मी, शिक्षा कमी नाही का गं होणार?"

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, शिक्षा कधी कमी करायची नसते बाबा. माणसाने मरेपर्यंत शिक्षा घेत राहावं. आमच्या कॉलेजचे प्राचार्य हेच सांगायचे.

लगेच ठसका. आईलाही लागला. घरात धूळ फार आहे, झाडू स्वतः मारायला हवा.

उद्यापासून.

१५ एप्रिल

लौकीच्या (आईच्या भाषेत दुधीच्या) रसाचा रिपोर्ट. बाबा ग्लास घेऊन खाली, दारापुढच्या ओट्यावर जातात आणि रिकामा परत आणतात. एक थेंब उरत नाही. मालोजीकाका नेमके त्याच वेळी ओट्यावर बसलेले असतात, त्यामुळे बाबांना कंपनीही मिळते. काका आज मला म्हणाले, बेटा, तुझ्या प्लॅनने माझं पोट इतकं सेट झालंय की विचारू नको. मी म्हटलं, काका, एका पेशंटच्या शिक्षेचा फायदा आजूबाजूच्यांना होतोच. ते म्हणाले, होतो बेटा, फार होतो.

पहाटे पाचचा गजर बदलून साडेसहाचा केला आहे. झोप पूर्ण नसेल तर देखरेख कसली करणार?

१८ एप्रिल

काड्या ही जुनी पद्धत वाटते. ऑनलाइन जबड्याच्या व्यायामाचं यंत्र मागवलं, पाच स्टार. आज आलं. निळ्या रबराचे दोन गोळे. डब्यावर गोरा मुलगा, जबडा एकदम चौकोनी. क्लासमधली खुशी म्हणाली, हे तर आमच्या हॉस्टेलसमोरची मुलं जिममध्ये चावतात, फोटोत चेहरा चांगला यावा म्हणून.

गोळा बाबांच्या तोंडात जातच नाही. तोंड उघडलं की जाईल. म्हणजे यंत्र चूक नाही, थोडं पुढचं आहे. डबा कपाटात ठेवला.

बाबांनी डब्यावरच्या मुलाकडे पाहिलं, मग स्वतःचा गाल चाचपला. प्लॅनमध्ये त्यासाठी काही लिहिलेलं नव्हतं.

२२ एप्रिल

टार्गेट पूर्ण! मी बोटं साबणाने धुऊन स्वतः मोजलं. तीन बोटं आरामात गेली. तपासणी जूनमध्ये आणि आमचं काम एप्रिलमध्येच झालं. बाबा हाताने काहीतरी खुणावत होते, माझ्या बोटांकडे आणि मग त्यांच्या बोटांकडे दाखवत होते, पण तोंडात माझी बोटं असल्यामुळे नीट कळलं नाही. बहुतेक आभार मानत होते.

तक्त्यावर हिरवी बरोबरची खूण केली. आता क्वालिटी ऑफ लाइफकडे वळायचं.

अभ्यास सोमवारपासून.

२ मे

मन खट्टू आहे.

बाबा रोज संध्याकाळी काकांबरोबर बाहेर जायला लागले आहेत. आधी आनंद झाला. पण काल परत आले तेव्हा गमछ्याला वास. इलायचीचा. तोच तो गोडसर वास, जो लहानपणापासून बाबांच्या शर्टाच्या खिशाला यायचा.

विचारलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, इलायचीच आहे, विष नाही. आई भोळी आहे. ज्या पुडीने गाल कापायला लावला त्या पुडीलाही इलायचीचाच वास होता.

रात्रभर झोप लागणार नाही असं वाटलं होतं. लागली.

५ मे

आज पाठलाग केला. ओढणी डोक्यावरून घेऊन, दोघांच्या मागे बगीच्यापर्यंत. दुधाच्या बूथमागे उभी राहिले. बूथवाला दोनदा विचारून गेला, दीदी क्या चाहिए. शेवटी ताक घ्यावं लागलं.

पाहिलं ते असं. काका बाकावर बसून इलायचीवाली कुल्फी खात होते. एक झाली, दुसरी घेतली. चपट्या काड्या चाटून स्वच्छ करून कागदात गुंडाळून ठेवत होते. बाबांनी खिशातून वेगळी पुडी काढली. पुडीतून निघाल्या काड्या. बाबांनी त्यांची चळत दातांत धरली आणि डोळे मिटून बसून राहिले. घाम येत होता. गमछा मांडीवर होता, तोंडावर नाही, आणि येणारेजाणारे बघत होते.

गुटखा नाही. बूथमागे मी थोडी रडले. ताक खारट होतं.

मग काका उभे राहिले, पेपरची गुंडाळी केली आणि मोठ्याने काहीतरी म्हणायला लागले. अंतरामुळे सगळं ऐकू आलं नाही, पण "श्रीपाद हाज़िर हो" एवढं स्पष्ट आलं. म्हणजे बाबांची हजेरी! दोघांनी मिळून चक्क वर्ग सुरू केला आहे. त्यावर बाबांना असा ठसका लागला की काड्या उडून गवतात पडल्या.

माझ्या तक्त्यातून काय उभं राहिलं आहे, हे मलाच आधी कळलं नव्हतं.

१८ मे

एका घरापुरतं काम ठेवणं हा स्वार्थ आहे. शहरात बाबांसारखे किती असतील, ट्रीटमेंट संपली म्हणून घरी पाठवलेले, गमछ्यात तोंड लपवून बसलेले. त्यांचं मंडळ काढायचं. स्नेहलतागंजजवळच्या मराठी वाचनालयाची खोली रविवारी रिकामी असते. बोर्डावर लावायला नोटीस लिहिली. चार मसुदे झाले. शेवटचा फार छान उतरला आहे.

अभ्यासाचं टाइमटेबल नव्याने करायचं ठरलं.

२५ मे, रविवार

हे लिहायला जड जातं आहे.

वाचनालयाचं काम यशोधराबाई बघतात. शाळेत मराठी शिकवायच्या, आता रिटायर. त्यांनी चष्मा लावून माझी नोटीस वाचली. पहिलीच ओळ होती: कॅन्सरमधून बरे झालेल्या प्रत्येकाला शिक्षा मिळालीच पाहिजे.

बाईंनी ती दोनदा वाचली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "त्यांनी गुन्हा काय केला गं?"

मला वाटलं, प्रश्न वैचारिक आहे. म्हटलं, तंबाखू.

"बरं. आणि शिक्षा कोण देणार?"

मी म्हटलं, मीच. घरी वडिलांना देतेच आहे, सात एप्रिलपासून. पहाटे पाचला उठवून.

बाईंनी चष्मा काढून पुसला. खुर्ची दिली. मग सांगितलं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं, हे ठीक. मराठीत त्याला शिक्षण म्हणतात. मराठीत शिक्षा म्हणजे सजा.

मी म्हटलं, सजा म्हणजे?

त्या म्हणाल्या, सजा म्हणजे सजा, बेटा. जेलवाली.

मी मनातल्या मनात पूर्ण तक्ता वाचला. मुदत. भेटण्याची वेळ पाच ते सहा. देखरेख: अस्मिता.

बाईंनी मला एक मराठी शब्दकोश वापरायला दिला. जाड आहे. टेम्पोत मांडीवर धरून आणला.

संध्याकाळी

आईला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, भुसावळची आहे मी, मला मराठी येणार नाही होय? बाबांना? त्यांनाही. काकांना? काकांना तर सगळ्यात आधी. किराणावालासुद्धा रोज विचारतो म्हणे, काय श्रीपाद भिया, किती राहिली? नाक्यावर बाबांचं नाव कैदी पडलं आहे.

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? माझी अशी थट्टा करायची?

आईने लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "पहिल्या दिवशी ते तक्त्यापुढे हसले, तेव्हा मला त्यांची दाढ दिसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी सगळ्यांना शपथ घातली, की पोरीला कोणी दुरुस्त करायचं नाही."

ठसका नव्हता तर. एकही ठसका नव्हता.

आणि काकांच्या कुल्फीच्या काड्या आईच रोज उकळून पुसून देते. माझ्या देखरेखीखाली.

२६ मे

उच्च शिक्षण (शब्दकोशात बघून लिहिलं) घेतलेल्या माणसाने चूक दुरुस्त करायची असते. पांढरा कागद कापून तक्त्यावर चिकटवला. बाबांचं शिक्षण. आता शुद्ध आहे.

बाबांनी बाहेरून आल्यावर चप्पल काढली, तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं. पातळ खिचडी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आज बगीच्यात गेले नाहीत. काका ओट्यावर रसाचा ग्लास हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

२९ मे

तीन दिवस झाले. गमछा परत तोंडावर आला.

चिकटवलेला कागद मीच काढला. लाल अक्षरं थोडी खरवडली गेली, ती पुन्हा गिरवली. आता जाणूनबुजून अशुद्ध.

संध्याकाळी बाबा दारात थांबून म्हणाले, "अपील फेटाळलं वाटतं."

मी म्हटलं, हो, आणि बाहेर भेटायची वेळ संपत आली आहे, लवकर जा. गेले. जिना उतरेपर्यंत हसण्याचा आवाज येत होता.

मला वाटतं, हे सगळं मूळ प्लॅनमध्ये होतंच. फक्त लिहिलेलं नव्हतं.

१२ जून, गुरुवार

तपासणी. मी प्लॅनची फाइल नेली, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग. काकांनी दांडी मारून रिक्षा आणली.

मॅडमनी आधी गळ्याच्या गाठी तपासल्या, टॉर्चने गाल पाहिला. नवीन जखम नाही, काही नाही. म्हणाल्या, बढ़िया. मग म्हणाल्या, उंगलियाँ डालिए.

मी उत्साहाने हात पुढे केला. सांगितलं की एप्रिलपासूनच तीन जात आहेत. त्यांनी माझी बोटं पाहिली आणि हसल्या. मोजायचं पेशंटच्या स्वतःच्या बोटांनी असतं, म्हणाल्या. आपकी तो पेंसिल जैसी हैं.

बाबांची बोटं लेथवर पंचवीस वर्षं घडलेली. दोन गेली. तिसरं सांध्यापाशी अडलं.

पुन्हा प्रयत्न केला. अडलं. बाबांच्या कपाळावर घाम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाने लहान माणसाकडे तसं बघू नये. मॅडमनी पेन उघडलं आणि भूल देण्याच्या डॉक्टरांची तारीख बघू, असं बोलायला लागल्या.

मी फाइल उघडली. तिसऱ्या बोटाबद्दल त्यात काहीच नव्हतं. मग फाइल बंद केली, बाबांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "बाबा, आज नाही गेलं तर शिक्षा वाढेल."

आधी खांदे हलले. मग आतून तो आवाज आला, ज्याला मी दीड महिना ठसका म्हणत होते. तोंड उघडलं आणि बोट आत गेलं.

मॅडम म्हणाल्या, फिर से. पुन्हा गेलं. हसल्याशिवाय, नुसतंच. त्यांनी पट्टी लावून मोजलं आणि मान हलवली. भूल नको.

कसा केला व्यायाम, असं त्यांनी विचारलं. मी सांगायला सुरुवात करणार, तोवर बाबा म्हणाले, "मालोजी की कुल्फी." काड्या चालू ठेवा, म्हणाल्या. मग बेटीने कानात काय सांगितलं ते विचारलं. मला सगळं हिंदीत भाषांतर करून सांगावं लागलं. त्या इतक्या हसल्या की नर्स आत येऊन बघून गेली.

पुढचं असं. हे वर्षभर दर दोन महिन्यांनी यायचं. मग हळूहळू अंतर वाढेल, पण येणं सुटणार नाही. उम्र भर आना है श्रीपाद जी, म्हणाल्या. बाबा गंभीरपणे म्हणाले, मंज़ूर.

पुढची तारीख त्यांनी माझ्या फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिली. पुढची पानं उलटली नाहीत. वेळ नसतो त्यांना.

परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, नवा तक्ता लागेल आता. मी म्हटलं, पहाटे पाचला उठून करते.

१३ जून, सकाळी ८:१०

उठले.

घरात बाबा नाहीत. गमछा खिळ्याला आहे. आई म्हणते, नाक्यावर पोहे खायला गेले, शेव न घालता, चांगले भिजवून.

भिंतीवर नवा कार्डशीट लागला आहे. माझा लाल स्केचपेन, बाबांचं अक्षर, थोडं तिरकं. दोनच ओळी:

बाबांची शिक्षा
मुदत: जन्मठेप

शेवटचा शब्द मला येत नाही. आईला विचारलं तर ती तोंडाला पदर लावून किचनमध्ये गेली. शब्दकोश कपाटात रबरी गोळ्यांच्या डब्याखाली आहे, सवडीने काढेन. पण त्यात जन्म आहे, म्हणजे शुभच असणार.

वाचनालयाच्या नोटिशीसाठी हाच शब्द घ्यायचा. बाबांचाच शब्द आहे. पहिली ओळ तयार आहे: कॅन्सरमधून बरे झालेल्या प्रत्येकाला जन्मठेप मिळो.